गजकर्ण पुन्हा पुन्हा का उलटतं: मलम घेण्याआधीपासून औषध थांबवेपर्यंतचा क्रम

जांघेत खाज सुटते. लाजेपोटी कुणाला सांगवत नाही, म्हणून माणूस थेट मेडिकलमध्ये जातो आणि खाजेचं मलम मागतो. मिळालेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात डाग फिका होतो आणि ट्यूब कपाटात जाते. पंधरा-वीस दिवसांनी तोच चट्टा कमरेपर्यंत पसरलेला असतो. मग पुन्हा तीच ट्यूब, किंवा शेजाऱ्याने सुचवलेली दुसरी. असं वर्ष-दोन वर्षं चालतं आणि तोवर घरातल्या आणखी दोघा-तिघांना लागण झालेली असते.

यात औषधाचा दोष कमी आणि क्रमाचा जास्त असतो. चुकीच्या मलमाने सुरुवात होते, निदान कुणी करत नाही, कपड्यांकडे आणि घरच्यांकडे लक्ष जात नाही, आणि खाज थांबली की औषध थांबतं. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी बाकीची मेहनत वाया जाते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळा. बहुतेक मजकूर गजकर्ण या कातडीच्या बुरशीच्या दुखण्याबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. चिखल्या, शिबं, डोक्यातलं आणि नखांतलं बुरशीचं दुखणं यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे स्वतंत्र दिले आहेत.

टप्पा १: हातातली ट्यूब आधी वाचा

काहीही नवीन लावण्याआधी घरात असलेल्या सगळ्या ट्यूब एकत्र काढा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. त्यात यांपैकी एखादं नाव आहे का ते शोधा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन. ही सगळी स्टिरॉइडं आहेत.

बाजारात अशा अनेक ट्यूब मिळतात, ज्यांत एक स्टिरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक-दोन जंतुनाशकं एकत्र घातलेली असतात. लोकांना वाटतं, चार औषधं एकात आहेत म्हणजे चांगलंच असणार. प्रत्यक्षात स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. लाली आणि खाज ही शरीर बुरशीशी लढत असल्याची खूण असते. स्टिरॉइड ती लढाई बंद पाडतं, म्हणून आराम वाटतो. बुरशी मात्र निवांत वाढत राहते. शिवाय चट्ट्याचं रूपच बदलतं. गोल कड पुसट होते, एकाच्या आत दुसरी अशी वर्तुळं दिसू लागतात, आणि पुढे अनुभवी डॉक्टरलाही नुसत्या नजरेने ओळखणं अवघड जातं. महिनोन्महिने लावलं तर जांघेत आणि काखेत कातडी पातळ होऊन गर्भारपणात पोटावर उमटतात तसे रुंद वळ पडतात. हे वळ फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. त्यामुळे वाचण्याची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

इशारा: स्टिरॉइड बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत खाज आणि लाली वाढते. याच क्षणी बहुतेक जण घाबरून पुन्हा तीच ट्यूब उचलतात. हा भडका अपेक्षित आहे. ओल्या गार फडक्याने शेक घ्या, डॉक्टरांना खाजेसाठी अॅलर्जीविरोधी गोळी मागा, पण ट्यूब परत लावू नका. चेहऱ्यावर किंवा अंगाच्या मोठ्या भागावर कित्येक महिने स्टिरॉइड लावलं असेल, किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली असतील, तर स्वतःहून एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टप्पा २: हे गजकर्णच आहे ना?

गजकर्णाचा चट्टा सहसा असा दिसतो: कड लालसर, किंचित उंच आणि खपल्यांची; मधला भाग त्यामानाने साफ; कड हळूहळू बाहेर सरकत जाते. घाम आला की खाज वाढते. जागा ठरलेल्या: जांघ, नितंब, कमरेचा पट्टा, काख, स्त्रियांमध्ये स्तनाखाली आणि परकराची नाडी घट्ट बसते तिथे.

आता यांच्याशी गल्लत होते:

खरूज असेल तर खाज रात्री अंथरुणात पडल्यावर असह्य होते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या असतात, आणि घरातले सगळेच खाजवत असतात. गोल कड नसते.

इसबाचा नाण्यासारखा गोल चट्टा फसवा असतो, पण तो मध्येही तितकाच खडबडीत आणि कधी ओलसर असतो.

सोरायसिसच्या खपल्या जाड, चंदेरी असतात. कोपर, गुडघे आणि डोक्यात शोधा.

मधुमेह असलेल्यांच्या जांघेत किंवा स्तनाखाली लालबुंद, ओली, आग होणारी कातडी आणि तिच्या आसपास सुटे छोटे लाल फोड दिसले, तर ती कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असू शकते. तिचं औषध नेहमीच तेच नसतं.

आणि एक तपासणी कधीच चुकवू नका. चट्टा खाजत नाही, फिका किंवा तांबूस आहे, तिथे घाम येत नाही? कापसाची बारीक वात करा, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला ती आधी निरोगी कातडीवर, मग चट्ट्यावर टेकवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. महाराष्ट्रात असे रुग्ण आजही सापडतात, आणि गजकर्ण समजून मलमं चोळण्यात त्यांचे मोलाचे महिने जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत मिळतं, वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो आणि हातापायांत व्यंग येत नाही.

टप्पा ३: खरवड तपासून घ्या

या टप्प्याला लोक सर्वांत जास्त फाटा देतात. तपासणी अगदी साधी आहे. चट्ट्याच्या कडेवरच्या खपल्या खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात का ते पाहतात. याला केओएच तपासणी म्हणतात. दुखत नाही, खर्च फार नसतो आणि उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग ओपीडीत ही सोय असते.

पहिल्यांदाच उठलेला, नमुनेदार गोल चट्टा असेल तर अनुभवी डॉक्टर खरवड न घेताही उपचार सुरू करतील, त्यात गैर काही नाही. पण पुढीलपैकी काही लागू असेल तर तपासणीचा आग्रह धरा: आधी स्टिरॉइड लावलं आहे, दोनदा उलटलं आहे, चेहऱ्यावर आहे, नखांत आहे, किंवा पोटातल्या गोळ्या सुरू करायच्या आहेत.

जाण्याआधी एवढं करा. त्या दिवशी चट्ट्यावर तेल, पावडर, मलम काहीही लावू नका. आधीपासून बुरशीनाशक लावत असाल तर ते किती दिवस थांबवून यायचं हे फोनवर विचारून घ्या, नाहीतर बुरशी असूनही तपासणी कोरी येऊ शकते. वापरलेल्या सगळ्या ट्यूब, अगदी रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. "पांढरी-निळी ट्यूब होती" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

टप्पा ४: पहिल्या डोसाआधी घर तयार करा

औषध सुरू करण्याच्या आदल्या दिवशी हे काम उरका. उपचार सुरू झाल्यावर निवांतपणे केलं तर तोवर कपड्यांतून बुरशी परत अंगावर आलेली असते. गळून पडलेल्या खपल्यांमध्ये ती कित्येक महिने तग धरते.

करगोटा काढा. कमरेचा काळा दोरा, पायातला दोरा, दंडावरचा गंडा, मनगटावरचे धागे, सगळं. घामाने सतत ओला राहणारा सुती दोरा चट्ट्यावर दिवसरात्र घासत असतो आणि तो कधी धुतला जात नाही. वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही याची मला कल्पना आहे. त्यांना सांगा, बरं झाल्यावर नवा बांधू. जुना मात्र परत बांधायचा नाही.

आतले कपडे तपासा. घट्ट, नायलॉनचे, इलॅस्टिक उसवून लोंबणारे टाकून द्या. सैल सुती निदान चार-पाच जोड हवेत, कारण रोज दोन लागतील. जीन्स आणि लेगिंग्ज उपचार होईपर्यंत बाजूला ठेवा. साडी नेसणाऱ्या बायकांनी परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घ्यावी आणि बांधण्याची जागा अधूनमधून वर-खाली करावी.

प्रत्येकाचा टॉवेल, साबण आणि अंथरूण-पांघरूण वेगळं करा. एकाच पंचाने चौघं अंग पुसत असतील तर तिथूनच पसरतंय असं धरून चाला.

मग घरातल्या प्रत्येकाला विचारा. एकेकट्याला, आडबाजूला घेऊन विचारा. सासऱ्यांना जांघेत आहे हे सुनेला कधीच कळणार नाही, आणि वसतिगृहातून आलेला मुलगा सगळ्यांसमोर सांगणार नाही. ज्यांना आहे त्या सगळ्यांचे उपचार एकाच आठवड्यात सुरू झाले पाहिजेत. नवरा बरा झाला आणि बायकोचं राहिलं तर पुढच्या महिन्यात त्याला परत होणार.

जनावरंही पाहा. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर केस गेलेले गोल डाग, वासराच्या डोळ्यांभोवती राखाडी खरबरीत चकत्या दिसल्या तर पशुवैद्यांना दाखवा. वासराला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि तोवर मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

तपासा: दोरे काढले? कपड्यांचे जोड पुरेसे? टॉवेल वेगळे? घरच्या सगळ्यांना विचारलं? चारही उत्तरं "हो" असतील तर पुढे चला.

टप्पा ५: मलम किती, कुठे, केव्हा

डॉक्टर बहुधा ल्युलिकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल, सर्टाकोनॅझोल, किटोकोनॅझोल, टर्बिनाफिन यांपैकी एक साधं बुरशीनाशक देतील. एका वेळी एकच. सकाळी एक आणि रात्री दुसरं अशी सरमिसळ स्वतःच्या मनाने करू नका. काही मलमं दिवसातून एकदा लावायची असतात, काही दोनदा. चिठ्ठीत जे असेल तेच खरं.

लावण्याची पद्धत:

अंघोळ करा, जागा टिपून पूर्ण कोरडी करा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. ओल्या कातडीवर मलम लावू नका.

मलम चट्ट्याच्या बाहेरून आत लावत जा. दिसणाऱ्या कडेच्या बाहेर चारी बाजूंनी २ सेंटिमीटर निरोगी कातडीवर ते गेलंच पाहिजे, कारण बुरशी कडेच्या पुढे सरकलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. लोक नेमकं उलट करतात: मध्ये भरपूर थापतात आणि कड कोरडी सोडतात.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची जी रेघ बसते ती अंदाजे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, मावतील एवढी जागा झाकली जाते. दोन्ही जांघा आणि नितंब मिळून चार तळहात जागा असेल तर एका वेळी १ ग्रॅम, दिवसातून दोनदा लावायचं तर २ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसच पुरेल. १० ग्रॅमची एक ट्यूब महिनाभर पुरली असेल, तर तुम्ही उपचार घेतलेच नाहीत असं समजा. चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारा, एकूण किती ट्यूब लागतील, आणि तेवढ्या आणून ठेवा.

लावून झालं की हात साबणाने धुवा. मलम जिरल्यावरच कपडे घाला. मलमावर पावडर टाकू नका, घामाने तिचा लगदा होतो आणि मलम कातडीत शिरत नाही.

इशारा: लसूण, लिंबू, व्हिनेगर, रुईचा चीक, बॅटरीतलं पाणी, रॉकेल यांपैकी काहीही लावू नका. यांनी कातडी भाजते, भाजलेल्या जागी जंतू शिरतात, आणि मूळ चट्टा कुठे होता हेही मग कळत नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. अंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक द्रव ओतणंही थांबवा. त्याने बुरशी मरत नाही, पण कातडी कोरडी पडून भेगाळते. साधा सौम्य साबण पुरतो.

टप्पा ६: गोळ्या लागल्या तर

चट्टे अंगावर दोन-तीन ठिकाणी असतील, मोठे असतील, उलटलेले असतील किंवा स्टिरॉइडने बिघडलेले असतील, तर नुसत्या मलमावर भागत नाही. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन दिली जाते. या गोळ्या दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नयेत, याची कारणं ठोस आहेत.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायच्या असतात, कारण अंगात शोषल्या जायला पोटातलं आम्ल लागतं. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेऊन त्यावर ही कॅप्सूल घेतली तर बराचसा डोस फुकट जातो. पित्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ज्यांचं हृदय कमकुवत झालं आहे त्यांना हे औषध धोक्याचं ठरू शकतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि आणखी बऱ्याच गोळ्यांशी त्याचं पटत नाही. म्हणून रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. "बीपीची एक आहे" एवढं पुरत नाही. इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन या दोन्ही औषधांचा यकृतावर ताण येऊ शकतो. कावीळ झालेली असेल, दारू नियमित असेल, तर आधीच सांगा. गोळ्या चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच मूल होण्याचं ठरवत असलेल्यांनी ते सांगितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

भारतात गेल्या काही वर्षांत ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीने फार त्रास दिला आहे. २०२० मध्ये तिला हे स्वतंत्र नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही, कारण औषध बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. त्यामुळे भावाला ज्या गोळीने गुण आला तीच तुम्हाला लागू पडेल असं नाही. परदेशात राहणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे रुग्ण नोंदवले गेले, पण तिकडच्या प्रत्येक डॉक्टरने ती पाहिलेली असेलच असं नाही. सुट्टीत भारतात येऊन गेल्यावर चट्टा उठला असेल किंवा घरी आलेल्या पाहुण्यांना असेल, तर प्रवासाची गोष्ट आपणहून सांगा आणि टर्बिनाफिनने फरक पडत नसेल तर बुरशी वाढवून बघण्याची तपासणी मागा.

टप्पा ७: रोजचा नेम

दिवसातून दोनदा अंघोळ, निदान उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. अंग खसाखसा घासू नका, वज्री आणि घासणी बाजूला ठेवा. पुसताना आधी चांगली जागा, शेवटी चट्टा, आणि तो टॉवेल त्याच दिवशी धुवायला.

आजारी माणसाचे कपडे वेगळे भिजवा. शक्य असेल तर ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. हात बुडवता येणार नाही इतकं ते गरम हवं. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याची सोय असेल तर ती वापरा. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा, म्हणजे आतली शिवण आणि इलॅस्टिक तापेल.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत, आणि गजकर्णाचा जोरही याच काळात असतो. दमट चड्डी अंगावर चढवणं म्हणजे उपचारावर पाणी ओतणं. पंख्याखाली वाळवा आणि मग आतून कडक इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणींवर आणि कमरपट्ट्यावर. पावसात भिजून आलात तर आधी कपडे बदला, चहा नंतर.

तालमीत जाणाऱ्या पोरांनी चट्टा पूर्ण जाईपर्यंत कुस्ती धरू नये. अंगाला अंग घासून आणि एकमेकांचे लंगोट वापरून संपूर्ण तालमीत हे पसरतं. रोज व्यायाम करायचा असेल तर एकट्याने जोर-बैठका काढा. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी रेग्झिनच्या सीटवर सुती कापड टाकावं आणि ते रोज बदलावं. दाढीचा वस्तरा, जांघेतले केस काढण्याचं रेझर कुणाशीही वाटून घेऊ नका. चट्टा असताना तिथे वस्तरा फिरवूच नका, केस फार असतील तर कात्रीने कमी करा.

वजन जास्त असेल तर मांड्यांच्या घडीत घाम साचतो. तिथे दुपारी एकदा कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. मधुमेह असेल तर साखर तपासा. साखर ताब्यात नसताना बुरशीवर औषध करत राहणं फार कष्टाचं होतं. आणि गजकर्ण वारंवार होणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसाने मधुमेह माहीत नसला तरी एकदा रक्त तपासून घ्यावं.

टप्पा ८: औषध कधी थांबवायचं

खाज थांबते साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. हा थांबण्याचा दिवस नाही. त्यानंतर खपल्या जातात, मग कड सपाट होते आणि शेवटी फक्त काळसर डाग उरतो. तो डाग म्हणजे कातडीने मागे सोडलेला रंग असतो, बुरशी नव्हे. तो जायला महिने लागतात आणि त्यासाठी बुरशीचं मलम चोळत बसण्यात अर्थ नाही.

मग ओळखायचं कसं? डोळे मिटून बोट निरोगी कातडीवरून डागावर आणि पुढे पलीकडे फिरवा. कुठेही कड लागत नाही, खरबरीतपणा नाही, खाज नाही, तर चट्टा साफ झाला. या दिवसाची कॅलेंडरवर खूण करा. या दिवसानंतर आणखी किमान दोन आठवडे मलम त्याच जागी, तेवढ्याच प्रमाणात लावायचं. गोळ्या किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. उलटलेल्या गजकर्णात उपचार सहज महिना-दोन महिने चालतात, कधी त्याहून जास्त.

दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. पहिल्याच दिवशी चट्ट्याच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढली तर ती पुसट होईपर्यंत दोन-तीन दिवसांत कड बाहेर सरकतेय का हेही समजतं.

तपासा: नियमित उपचार करूनही तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नाही? मलम मनाने बदलू नका, डॉक्टरांकडे परत जा.

वेगळे नियम असलेल्या जागा

चिखल्या: भातलावणीच्या दिवसांत, वारीत, किंवा बुटांत पाणी जाऊन पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फुगतात आणि चिरतात. इथे कोरडं ठेवणं हेच निम्मं औषध आहे. शेतातून आल्यावर पाय धुवा, प्रत्येक बेचकी स्वतंत्र पुसा, रात्री बोटांमध्ये कापसाची पातळ घडी ठेवा आणि बुरशीनाशक मलम लावा. गमबूट घालत असाल तर आतून रोज वाळवा. ओले गमबूट असतील तर अनवाणी पाय बरे म्हणायची वेळ येते. चिखल्यांवर मेंदी लावली तर कातडी रंगते आणि जखम झाकली जाते, त्यामुळे आत पू झाला तर कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी चिखल्यांना कधीही किरकोळ समजू नये. त्या चिरेतून जंतू शिरून पाय सुजतो. पाय लाल, गरम, सुजलेला आणि ताप, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलांचं डोकं: केस तुटून गेलेली गोल, कोंड्याची चकती. इथे मलम चालत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. पोटातून औषध द्यावंच लागतं, आणि ते मुलाच्या वजनावर ठरतं. चकती सुजून त्यातून पू येत असेल तर लवकर दाखवा, उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात. मुलाची टोपी, कंगवा, उशी वेगळी करा. टक्कल करण्याची गरज नसते, आणि मुलाला शाळेत चिडवलं जातं ते वेगळंच.

नखं: पिवळी, जाड, भुसभुशीत झालेली सगळीच नखं बुरशीची नसतात, म्हणून तपासणीशिवाय गोळ्या घेऊ नका. हाताच्या नखांना गोळ्या साधारण दीड महिना, पायाच्या नखांना तीन महिने लागतात. पण अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुंदर दिसणार नाही, हे आधीच मनाशी धरा. मांडीचं गजकर्ण वारंवार परतत असेल तर पायाची नखं नक्की बघा. बुरशीचा साठा बरेचदा तिथे असतो.

शिबं: छातीवर, पाठीवर, खांद्यावर फिके किंवा तपकिरी बारीक डाग, वरून नख फिरवलं की पिठासारखा कोंडा. ही वेगळी बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते आणि घाम-तेल मिळालं की वाढते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा कुणाला दूर बसवू नका. किटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू अंगावर पाच मिनिटं ठेवून धुवायला सांगतात, ओळीने काही दिवस. बुरशी गेल्यावरही फिके डाग काही महिने राहतात. उपचार फसला असं समजून लोक पुन्हा पुन्हा औषध लावतात, त्याची गरज नसते. कोंडा निघायचा थांबला का, एवढंच पाहा. अंगाला रोज तेल चोळण्याची सवय असेल तर ती उन्हाळ्यापुरती थांबवा.

टप्पा ९: परत आलं तर

आधी किती दिवसांनी आलं ते पाहा. औषध थांबवल्यापासून चार-सहा आठवड्यांच्या आत, त्याच जागी आलं असेल तर बहुधा मूळचंच राहिलं होतं: मलम कमी पडलं, लवकर थांबलं, किंवा बुरशीवर त्या औषधाचा परिणाम होत नाही. काही महिन्यांनी आणि नव्या जागी आलं असेल तर बाहेरून पुन्हा लागलं आहे, तेव्हा घरातल्या माणसांचा, दोऱ्यांचा आणि नखांचा शोध पुन्हा घ्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसातून किती वेळा, किती ट्यूब संपल्या, मध्ये किती दिवस चुकले, घरात आणखी कुणाला आहे. चुकलेले दिवस लपवू नका. तुम्ही "रोज लावलं" म्हणालात तर डॉक्टर औषध निकामी ठरवून जास्त तीव्र औषध देतील, ज्याची कदाचित तुम्हाला गरजच नव्हती. आठवड्याचे फोटो आणि आधीचा केओएच रिपोर्ट सोबत असू द्या, आणि त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काही लावू नका, म्हणजे नवी खरवड तिथल्या तिथे घेता येईल.